सोन्याला कुठला दिवा मानवतो?

आपल्याकडे लग्न ठरले की आधी सराफाकडे जायचे आणि मग हॉल शोधायचा, ही रीत समुद्र ओलांडल्यावरही सुटलेली नाही. डिस्कव्हरी गार्डन्सहून मेट्रो धरायची, युनियनला गाडी बदलायची आणि देइराच्या गोल्ड सूकमध्ये शिरायचे. तिथल्या काचांमागचा झगमगाट पाहून आपल्याला वाटते, काय हे सोने! त्या झगमगाटात सोन्याचा वाटा किती आणि दिव्यांचा किती, हा प्रश्न मात्र सहसा आपल्या मनात येत नाही.

माझ्या मनातही तो आला नसता. पण काही वर्षांपूर्वी परिचयातल्या एका सराफाने वीज वाचवण्यासाठी दुकानातले सगळे हॅलोजन काढून एलईडी बसवले. बिल उतरले, आणि दोन महिन्यांत गिऱ्हाइके म्हणू लागली, "सोनं जरा फिकं वाटतं हो." माल तोच, २२ कॅरटचा, ९१६ चा शिक्का असलेला. तरी माणसे बांगडी हातात घालून बघत आणि परत ठेवून शेजारच्या दुकानात जात. ते हॅलोजन परत लावायच्या विचारात होते. सराफाचा धंदा विश्वासावर चालतो, आणि तिथे शंका शिरली की वाचलेल्या विजेला कोण विचारतो?

आधी विजेचा हिशेब पाहू, कारण तो सोपा आहे. मध्यम दुकानात ५० वॅटचे १२० हॅलोजन धरा. म्हणजे ६ किलोवॅट. रोज बारा तास जळले तर महिन्याला २,१६० युनिटे. तेवढाच उजेड देणारे ७ वॅटचे एलईडी लावले तर सुमारे ३०० युनिटे. वाचली साधारण १,८५८. दुबईत व्यापारी दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला ६,००० युनिटांच्या वर ३८ फिल्स, इंधन अधिभार वेगळा. त्या दराने अधिभार सोडून ७०० दिरहॅमच्या वर बचत होते.

पण खरी गंमत पुढे आहे. दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णता होऊन दुकानातच राहते आणि एसीला ती बाहेर फेकावी लागते. वाचलेले ५.१६ किलोवॅट म्हणजे जवळजवळ दीड टन एसीचे काम. बाहेर पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि आत दीड टनाचे यंत्र केवळ दिवे थंड करण्यात गुंतलेले! एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर टाकणारा एसी धरला, तर महिन्याला आणखी सहाशेवर युनिटे वाचतात. शिवाय ओपलसारख्या खड्याच्या अंगात पाणी असते. सतत उष्ण झोताखाली ठेवला तर त्याला तडे जाऊ शकतात. मोत्यालाही ही धग मानवत नाही. तेव्हा हॅलोजनकडे परतणे हा काही उपाय नव्हे.

मग सोने फिके का दिसले? सोन्याचा पिवळेपणा येतो तो निळा प्रकाश बराचसा गिळून पिवळा-तांबडा परत फेकण्यातून. दिव्यातच तांबडा कमी असेल तर सोने बिचारे परत काय फेकणार? पांढरा एलईडी मुळात निळा असतो. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप चढवला की निळे आणि पिवळे मिळून डोळ्याला पांढरे दिसते. स्वस्त दिव्यात या मिश्रणात गडद तांबडा फारच थोडा उरतो. हॅलोजन म्हणजे तापलेली तार. तिच्या उजेडात तांबडा भरपूर असतो.

त्यातून आपल्या सराफांनी घेतले होते ६,५०० केल्व्हिनचे, म्हणजे निळसर पांढरे दिवे. जास्त पांढरा म्हणजे जास्त उजेड, हा समज आपल्याकडे पक्का आहे. सोन्याला ३,००० केल्व्हिनच्या आसपासचा उबदार प्रकाश शोभतो. हिरे, प्लॅटिनम आणि चांदीला ४,००० किंवा त्याहून थोडा वरचा. हुपरीचे पैंजण पिवळ्या दिव्याखाली ठेवले तर ते जुने वाटतात. म्हणून एकाच जातीचे दिवे सगळ्या दुकानाला लावणे चूक.

खोक्यावर 'सीआरआय ८०' लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. गडद तांबड्याचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे गणितात नापास झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात गणित सोडून टक्केवारी काढावी, तसे! सराफाने सीआरआय ९० च्या वर आणि आर-९ निदान ५० मागावा, माणके विकत असेल तर आणखी वरचा. असे दिवे महाग असतात आणि वॅटमागे उजेड थोडा कमी देतात, पण हॅलोजनच्या तुलनेत ती उधळपट्टी नव्हे.

हिऱ्याची तऱ्हा निराळी. त्याचा वक्रीभवनांक २.४२, त्यामुळे आत शिरलेला किरण पैलूंवर आपटत राहतो आणि चमकून बाहेर येतो. त्यासाठी प्रकाश लहान, टोकदार उगमांतून यायला हवा. छतभर पसरलेल्या मऊ पॅनलखाली उत्तम हिराही काचेसारखा मठ्ठ दिसतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. हॅलोजनच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरना किमान भार लागतो. त्यांवर ७ वॅटचा दिवा लावला तर तो लुकलुकू शकतो. डोळ्याला कदाचित कळणार नाही, पण गिऱ्हाईक फोनवरून सांगलीच्या सासूबाईंना हार दाखवू लागले की पडद्यावर पट्टे धावतात. दिव्यांबरोबर ड्रायव्हरही बदलावेत. बंद काचपेटीत एलईडीच्या पाठीमागची उष्णता निघून जायला वाट ठेवावी, नाहीतर वर्षानुवर्षे चालणारा दिवा लवकर मंद होतो.

आमच्या सराफांनी सोन्याच्या पेट्यांपुरते दिवे बदलले, हिऱ्यांच्या बाजूचे पांढरेच ठेवले, पण टोकदार झोताचे आणले. "फिकं" हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही आणि बिल खालीच राहिले. मी त्यांना एकच विरोध केला. ते उत्साहात २,२०० केल्व्हिनचे, जवळजवळ नारिंगी दिवे आणायला निघाले होते. त्याखाली १८ कॅरटही २२ सारखे भासू लागते, आणि तो दिवा नव्हे, मेकअप.

जुने सराफ कसोटीच्या दगडावरचा कस दिवसाउजेडी पाहत. आपणही तसेच करावे. शुद्धता शिक्क्यावरून आणि यंत्रावरून ठरवावी, रंग मात्र दुकानदाराला सांगून दारापाशी, उन्हाच्या उजेडात पाहावा. मंगळसूत्राच्या दोन वाट्या एका रंगाच्या आहेत की नाहीत, हे तिथे चटकन कळते. रात्री जाणार असाल तर निदान दोन वेगळ्या दिव्यांखाली धरून पाहा. बरा दुकानदार त्याला ना म्हणत नाही.