हळद, अँटिबायोटिक आणि न भरणारी जखम

हळदीच्या हिंगोली जिल्ह्यात, त्यातही वसमतकडे, जखमेवर हळद दाबू नका असं सांगणं म्हणजे धाडसच. साधं खरचटलेलं तसंही भरून येतं, श्रेय मात्र हळदीला मिळतं. शुगरवाल्या माणसाच्या तळपायाची जखम अशी भरत नाही.

गैरसमज : हळदीने जखम भरते हे अमेरिकेतही सिद्ध झालंय.
१९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही' म्हणून! चिघळलेली जखम हळदीने बरी होते का, याचा निकाल तिथे लागलाच नाही. हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेत जंतूंना रोखतं, हे खरं. डब्यातली हळद मात्र निर्जंतुक नसते. उघड्यावर वाळवून दळलेल्या भुकटीत बुरशीचे बीजाणूही असू शकतात. वर हळदीच्या थराखाली पू झाला तरी दिसत नाही.

गैरसमज : भारी अँटिबायोटिक घेतलं की जंतू संपले.
जुन्या जखमेत जिवाणू आणि बुरशी मिळून चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात जुन्या जखमांच्या ६० टक्के नमुन्यांत तो सापडला, ताज्या जखमांच्या फक्त ६ टक्के. कँडिडा ही बुरशी धागे सोडते, स्टॅफिलोकोकस जिवाणू त्यांना चिकटतात आणि तिच्या आवरणाआड व्हँकोमायसिनसारख्या भारी अँटिबायोटिकलाही दाद देईनासे होतात. जिवाणूंवरचं औषध बुरशीला लागू पडत नाही. उलट जिवाणू हटले की तिला रान मोकळं.

गैरसमज : कल्चरमध्ये (जखमेचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यात) बुरशी आली नाही, म्हणजे ती नाहीच.
२०१६ मध्ये १०० मधुमेहींच्या पायाच्या जखमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डीएनए तपासणीत ८० टक्के जखमांत बुरशी निघाली, कल्चरने पकडली अवघ्या ५ टक्क्यांत. अर्थात बुरशी दिसली की प्रत्येकाला तिचं औषध हवंच असं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे काळजी नाही.
मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. न दुखणं हीच धोक्याची खूण.

उपचाराचा कणा म्हणजे मेलेलं मांस आणि बायोफिल्मचा थर खरवडून काढणं. एकदा साफ केला तरी थर दोन-तीन दिवसांत पुन्हा धरतो, म्हणून डॉक्टर परत बोलावतात. ते पैशासाठीच, असं समजून ड्रेसिंग चुकवू नका. त्या पायावर भार नको, शुगर ताब्यात हवी, पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. पाय काळा पडला, वास सुटला किंवा ताप आला, तर तेवढंही थांबू नका.