बोट कुठे टेकवलंस?

गणपतीत लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गेले की आरती संपायच्या आत कोणीतरी माझ्या शेजारी येऊन उभं राहतं. "ताई, मुलीला डेंटिस्ट्रीला जायचंय. हाताचं कौशल्य दाखवायचं तर तिला कुठला छंद लावू?" तेव्हा बहुधा सप्टेंबर चालू असतो आणि यूकासवर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या इथल्या संकेतस्थळावर, डेंटिस्ट्रीचा अर्ज भरायची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. प्रश्न विचारणाऱ्या आईला महिनाभरात अंगी बाणेल असं काहीतरी हवं असतं. तिची घालमेल मला कळते. मी विचारते, "घरी ती हाताने काय करते?" उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: "तसं विशेष काही नाही."

या "विशेष काही नाही"बद्दलच मला लिहायचं आहे.

मी मुंबईत बीडीएस केलं, इथे येऊन परवान्याची परीक्षा दिली. आता दवाखाना सांभाळून आठवड्यातले दोन दिवस एका विद्यापीठात शिकवते आणि हिवाळ्यात प्रवेशाच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. मुलाखतीतली कामं दरवर्षी बदलतात, त्यामुळे खाली जे येईल त्यातून पेपर फुटत नाही. मुलांची ओळख लागेल असे तपशीलही मी बदलले आहेत.

इथली पद्धत थोडक्यात सांगते. शाळेचे गुण असतात, यूकॅट नावाची परीक्षा असते, आणि चार हजार अक्षरांत स्वतःबद्दल लिहायचं असतं. मधल्या मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जातात. यूकॅट संगणकावर होते, तिथे हाताला काम पडत नाही. त्यामुळे मुलं निवेदनात छंद लिहितात आणि आम्ही मुलाखतीत त्याबद्दल विचारतो. बऱ्याच ठिकाणी मुलाखत स्टेशनांची असते. घंटा वाजली की मूल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकतं. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं आणि नवे परीक्षक. एखाद्या स्टेशनवर प्रत्यक्ष हाताचं काम असतं: तार वाकवणं, कागदाच्या घड्या घालणं, आरशात बघून रेघ गिरवणं.

हात तपासायचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेत डेंटल प्रवेशपरीक्षेत पूर्वी खडू कोरायला देत. १९७२ च्या सुमारास ते बंद झालं आणि आकृत्या ओळखण्याचे कागदी प्रश्न आले. कॅनडात त्यानंतरही कितीतरी वर्षं साबण कोरायचा होता. गोल कांडी, एक सुरी, पट्टी आणि अर्धा तास. ती पिढी घरी साबणाच्या ढिगाऱ्यात बसून सराव करायची. तिथल्या इंग्रजी भाषेतल्या परीक्षेतून तोही भाग आता गेला. हात शिकवता येतो आणि एका दिवसाच्या कोरीवकामावरून पुढचा डॉक्टर ओळखणं अवघड, हे माझं शिकवताना झालेलं मत आहे. मग आम्ही छंदाबद्दल विचारतो तरी कशाला?

याचं उत्तर मला मुंबईत मिळालं होतं. आपल्याकडे प्रवेशाला गुण बघतात, हात कोणी बघत नाही. तो पहिल्यांदा दिसतो पहिल्या वर्षी, मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना. मी वरची पहिली दाढ कोरत होते. दुसऱ्या दिवशी सबमिशन, आणि रात्री अकराला लेक्रॉन कार्व्हर निसटून दाढेचं एक टोक उडालं. मी चाकू तापवला, मेण वितळवून टोक चिकटवलं, सांधा घासून गुळगुळीत केला. सकाळी मॅडमनी ती दाढ खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली. सांधा त्यांना लगेच दिसला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुटलं तेव्हा बोट कुठे टेकवलं होतंस?"

कुठेच नव्हतं. हात अधांतरी होता.

दंतवैद्याचं पाऊण काम या टेकवण्यावर चालतं. हत्यार पेनासारखं धरायचं आणि अनामिका शेजारच्या दातावर रोवायची. ड्रिलचं टर्बाइन मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेऱ्या मारतं आणि दाढेच्या टोकावरचं इनॅमल जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असतं. पेशंट खोकतो, गिळतो, दचकतो. बोट टेकलेलं असेल तर त्याचं डोकं हललं की आपला हातही त्याच्याबरोबर हलतो, आणि अनर्थ टळतो. त्या सकाळनंतर मी कोणाचेही हात बघताना आधी हेच बघते.

एक मुलगा आला होता, वॉरहॅमर नावाच्या खेळातल्या बाहुल्या रंगवणारा. इथे हा छंद इतका पसरलाय की दर हंगामात दोन-तीन तरी असे भेटतात. जेमतेम तीन सेंटिमीटरचा सैनिक, त्याचा चेहरा, त्यात डोळे. मुलगा बोलायला बुजरा होता, वाक्यं अर्धवट सोडत होता. माझ्या शेजारच्या परीक्षकाने विचारलं, "डोळा रंगवताना हात थरथरत नाही?" तो म्हणाला, "थरथरतो ना." आणि त्याने करून दाखवलं. दोन्ही कोपरं टेबलावर ठेवली, दोन्ही मनगटांचे तळ एकमेकांना चिकटवले. डाव्या हातात न दिसणारी बाहुली, उजव्या हातात न दिसणारा कुंचला. "असं धरलं की दोन्ही हात एकत्रच थरथरतात, मग फरक पडत नाही." आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता गुण लिहिले, कारण तसाच नियम आहे. नंतर कळलं, दोघांचा आकडा एकच होता.

याच्या उलट पियानोवाला. आठवी ग्रेड, म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत. निवेदनात एकच ओळ: पियानोमुळे माझी बोटं कुशल झाली आहेत. मुलाखतीतही तेवढंच बोलून थांबला. मला फार हळहळ वाटली. शेवटी आम्हीच विचारलं, कुठली जागा सगळ्यात जास्त दिवस चुकत होती? तेव्हा तो खुलला. डाव्या हाताचं चौथं बोट कमजोर होतं, म्हणून तेवढेच दोन बार महिनाभर अतिशय मंद लयीत वाजवले, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. हेच तर ऐकायचं होतं! चुकत होतं, कशामुळे ते शोधलं, आणि दुरुस्त केलं. पण हे सांगण्यासारखं आहे असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रमाणपत्र पुरेसं आहे असं त्याला वाटलं होतं.

तारेच्या स्टेशनचाही एक किस्सा सांगते. कागदावर आकृती छापलेली, हातात स्टीलची तार आणि पक्कड. तार पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली की त्या जागी कडक होते आणि तुटते. एकीची तुटली. ती क्षणभर थांबली, दोन्ही तुकडे आकृतीवर ठेवून पाहिले आणि म्हणाली, "मी इथे तीनदा वाकवलं, त्यामुळे तुटली. दुसरी मिळेल का? या वेळी आधी खूण करून घेते." दुसऱ्या तारेचा आकार वेळेत पुरा झाला नाही, तरी तिला चांगले गुण पडले. उद्या भूल दिलेल्या पेशंटच्या तोंडात रूट कॅनालची फाइल तुटली, तर ती असंच वागेल. लपवणार नाही. मेणाचा सांधा मी लपवला होता म्हणून मला हे जरा जास्तच महत्त्वाचं वाटतं.

आता ती मुलगी, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

तिचं आडनाव वाचूनच मी सावध झाले. मराठी होती. मंडळात कधी दिसली नव्हती, ओळख नव्हती, तरी मी ठरवलं की या स्टेशनवर आपण कमीत कमी बोलायचं. निवेदनात बासरी, सुलेखन, दागिने बनवण्याचा ऑनलाइन कोर्स. सुलेखनाबद्दल विचारलं तर उत्तर पाठ केलेलं आलं. माझे सहकारी इंग्रज, केस पिकलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "हे सगळं सोडा. घरी असं कुठलं काम आहे, जे तुमच्यावरच सोपवलं जातं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्याकडे एका सणाला एक गोड पदार्थ करतात. त्याच्या चुण्या मी घालते. आजीचे हात दुखतात."

मोदक! मी खाली कागदाकडे बघत राहिले.

गृहस्थांना मोदक ठाऊक नव्हता, हे तिच्या पथ्यावर पडलं. तिला सगळं मुळापासून सांगावं लागलं. तांदळाच्या पिठाची उकड, ती गरम असतानाच मळायची. बोटांना तेल-पाणी लावून पारी करायची. कडा पातळ, मध्यभाग किंचित जाड, नाहीतर सारणाच्या वजनाने तळ फाटतो. आता तिचे हात आपोआप वर आले होते. डाव्या तळव्याची वाटी झाली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिमटीत आली, आणि ती वाटी हळूहळू फिरू लागली. एक कळी, थोडं फिरवणं, दुसरी कळी. "घाई केली तर कळ्या एकमेकींना चिकटतात. आजी एकवीस घालते. माझ्या सतरा होतात. मी मोजते."

"आणि फाटली तर?"

"केसाएवढी चीर असेल तर पाण्याच्या बोटाने मिटते. मोठी असेल तर सारण काढून पारी पुन्हा मळायची. चीर तशीच दाबून टाकली तर वाफेत उघडते आणि गूळ बाहेर येतो. एकदा मी तसं केलं होतं. आजीने चाळणीचं झाकण उघडल्यावर सगळ्यांना दिसलं."

तिचा उजवा हात हवेत होता, पण अनामिका आणि करंगळी डाव्या तळव्याच्या कडेला टेकलेली होती. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. न दिसणाऱ्या मोदकाला आधार देता देता ती बोटं आपणहून तिथे जाऊन बसली होती.

घंटा वाजली. ती उठली, आणि दारातून मागे वळून ओशाळल्यासारखं म्हणाली, "सॉरी, मी सुलेखनाबद्दल नीट सांगितलंच नाही."

तिला थांबवून काही सांगणं नियमात बसत नव्हतं. मी फक्त मान हलवली.

दीड वर्षाने ती माझ्या बॅचला आली, फँटम हेडच्या प्रयोगशाळेत. रांगेत धातूची डोकी, त्यांच्या रबरी गालांआड प्लॅस्टिकचे दात. त्या दिवशी खालच्या दाढेत पहिल्यांदा कॅव्हिटी कापायची होती. अर्ध्या वर्गाचे हात अधांतरी होते. मी एकेकाच्या मागे उभी राहून तेच विचारत होते, जे मला विचारलं गेलं होतं. तिच्यामागे आले तेव्हा तिने आरसा आत घातला, गाल बाजूला केला, अनामिका पुढच्या दातावर ठेवून एकदा दाबून पाहिली, आणि मग पायाने पेडल दाबलं.

मी काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले.