चैत्री पौर्णिमा आणि ईस्टरची उशी

चैत्री पौर्णिमेस सूर्योदयी आपल्याकडे मारुतिरायाचा जन्मोत्सव होतो. ख्रिस्ती समाजाच्या एका मोठ्या सणाची गणनाही पुष्कळदा याच पौर्णिमेवरून होते, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणजे ईस्टर. तो नाताळासारखा ठरावीक तारखेस येत नाही. तो सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेत ठरले आणि पुढे नियम रूढ झाला तो असा : २१ मार्च रोजी अथवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, तो ईस्टर. ही पौर्णिमा बहुधा चैत्रीच असते. २०२४ साली मात्र ईस्टर ३१ मार्च रोजी, होळीपौर्णिमेमागोमाग आला आणि हनुमान जयंती २३ एप्रिल रोजी झाली. अधिक मासाच्या आपल्या हिशेबामुळे असे अंतर अधूनमधून पडते.

२०२२ साली मात्र दोन्ही पंचांगांचा मेळ विलक्षण जमला होता. महाशिवरात्र १ मार्चला आणि ख्रिस्ती उपवासकाळाचा आरंभ २ मार्चला. रामनवमीच्या दिवशी त्यांचा झावळ्यांचा रविवार. हनुमान जयंती शनिवारी, १६ एप्रिलला आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर. त्या वसंतात मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर येथे लेकीकडे होते.

तिच्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्याच राहत. त्यांना मी मनातल्या मनात आजीबाई म्हणत असे. त्यांचे पूर्वज जर्मनीतून आलेले. सण जवळ आला की त्या भागातील घरांतून बैठकीवरचे आणि ओसरीतील बाकांवरचे उशांचे अभ्रे बदलतात. त्यांवर ससे, रंगीत अंडी, लिलीची फुले भरलेली असतात. ही चाल चर्चची नव्हे, घरगुती. आपण दिवाळीत लोड-तक्क्यांना नवे अभ्रे घालतो, तशातलीच. आजीबाईंच्या नातवाचा तो चालता-बोलता झाल्यानंतरचा पहिला ईस्टर होता, आणि त्याच्यासाठी एक उशी त्यांना करावयाची होती. कापड म्हणून त्यांनी काढले ते आपल्या दिवंगत आईचे लिननचे मेजपोस. त्यावर जागोजागी डाग पडलेले; डागांवाचूनचा वीस इंची चौरस असा एकच तुकडा निघाला. त्यांचा हात कापू लागला होता. मला शिवण येते हे लेकीने त्यांना सांगितलेले असल्याने मी आपोआपच त्यांची मदतनीस ठरले.

तरुणपणी मी पायाच्या मशीनवर भरतकाम पुष्कळ केले आहे. मशीनचा फूट काढून ठेवावयाचा, खालचे दाते उतरवावयाचे, कापड लाकडी रिंगेत ताणून बसवावयाचे आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवीत सुईखाली वेल काढावयाची. वेल वाकडी गेली तर दोष हाताचा. आजीबाईंच्या संगणकीय यंत्रात रिंग यंत्रच पुढेमागे नेई. नक्षीतील प्रत्येक टाक्याची जागा आधीच नोंदलेली. माणसाने रंगागणिक दोरा बदलावा आणि डोळा ठेवावा. यंत्राने भरतकाम करण्याची युक्ती तशी जुनी. म्युलूझ येथील जोशुआ हाइलमान याने १८२८ च्या सुमारास तसे यंत्र बांधले होते. पण ते स्वयंपाकघराच्या टेबलावर येऊन बसले ते गेल्या काही दशकांत.

नक्षी कोणती भरावी, हा प्रश्न मला अवघड गेला. आजीबाईंच्या संग्रहात एक सुरेख नक्षी होती : लिलीच्या फुलांनी वेढलेला क्रूस. आपल्या घरांत ओंकार किंवा देवाचे नाव असलेले वस्त्र आपण अंगाखाली घेत नाही. चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो. उशीवर क्रूस भरावा काय? तसे अभ्रे तिकडे दुकानांतून विकले जातात, म्हणजे त्यांच्यात त्याचा विधिनिषेध नसावा. परक्याच्या धर्मात आपला सोवळेपणा कशास घालावा, म्हणून मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी आजीबाईच म्हणाल्या, “तो ही उशी फेकणार, तिच्यावर बसणार, तिला लाथाही मारणार. क्रूस नको. माझी आई क्रूस भरायची तो फक्त चर्चच्या वेदीवरच्या वस्त्रावर.” माझ्या मनातले त्यांच्या तोंडून आले. मी काही बोलले नाही.

मग ससा ठरला, आणि त्याच्या बाजूला लिलीची दोन फुले. सशाचा मान त्या प्रांताकडे वंशपरंपरेने आहे. अंडी आणून ठेवणाऱ्या सशाची कथा जर्मन वैद्य गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ याने १६८२ साली लिहून ठेवली आहे आणि अठराव्या शतकात जर्मन वसाहतकरांनी ती पेनसिल्व्हेनियात नेली. मुले आपल्या टोप्यांची घरटी करून ठेवीत आणि सकाळी त्यांत रंगीत अंडी सापडत. अंड्यांचे कारणही समजण्याजोगे आहे. पूर्वी उपवासकाळात त्यांस अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास ओळखत नाहीत, तेव्हा साठलेली अंडी उपवास सुटताच पानात येत.

जुने लिनन म्हणजे एकदाच मिळणारी संधी. सुईने पडलेली दाट छिद्रे उसवून बुजत नाहीत. म्हणून प्रथम साध्या कापडावर नमुना काढला, आणि बरे झाले. सशाच्या पोटाभोवती कापड चुरगळून गोळा झाले. मागे लावावयाचा आधाराचा थर आम्ही फाडून काढता येणारा, कागदासारखा पातळ घेतला होता. भरीव टाक्यांची ओढ तो सोशीना. दुसऱ्या खेपेस कायम राहणारा, कापून काढावयाचा जाड थर घेतला आणि नमुना सपाट उतरला. मग मेजपोसाचा तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री केला. चार घड्या घालून मध्य काढला. रिंगेत ताणला फक्त आधाराचा थर आणि लिनन त्यावर हलक्या गोंदाने चिकटविले, म्हणजे जुन्या धाग्यांवर रिंगेचा वळ उठत नाही. पाच बाय सात इंचांची नक्षी होती, सुमारे पंधरा हजार टाक्यांची. यंत्र मिनिटाला सहाशे टाके घालत होते; दोरे बदलण्याचा वेळ धरून पाऊण तास गेला. सशाच्या कानात बॉबिनचा दोरा संपला तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. पण थोडे टाके मागे घेऊन यंत्र पुन्हा तेथूनच चालू झाले.

कापड कापले ते भरतकाम पुरे झाल्यावर. आधी कापले असते तर मध्य चुकण्याची भीती होती. सोळा इंची उशीसाठी पुढचा भाग सतरा इंच चौरस, चहूकडे शिवणीला अर्धा इंच माया धरून. मागे साध्या सुती कापडाचे सतरा बाय बाराचे दोन तुकडे, प्रत्येकाची एक कड इंचभर दुमडून टीप मारलेली. ते एकमेकांवर पाच इंच चढतात, म्हणून चेन वा बटण लागत नाही आणि अभ्रा सहज काढून धुता येतो. सुलट बाजू आत ठेवून चारी बाजू शिवल्या, कोपरे कातरले, अभ्रा उलटविला. इस्त्री मागून, खाली जाड टॉवेल घालून केली, म्हणजे टाके दबत नाहीत.

शनिवारी पहाटे लेकीच्या देवघरात मारुतीला सुंठवडा दाखविला आणि दुपारी उशी आजीबाईंच्या बाकावर नेऊन ठेवली. रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांच्या नातवाने ती प्रथम फेकली, नंतर तिच्यावर बसला आणि जेवणानंतर सशाच्या कानावर गाल ठेवून झोपी गेला.

कापल्यावर उरलेली लिननची एक पट्टी, दीड इंच रुंदीची, आजीबाईंनी मला दिली. तिच्या एका कडेला त्यांच्या आईच्या हातची बारीक शिवण आहे. ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. देव्हाऱ्याच्या आसनाला लावावी की तशीच राहू द्यावी, हे अजून ठरलेले नाही.