गाडी तीनवर चालतेय

सकाळी चोक ओढून सुरू केलेली पद्मिनी पहिली दोन मिनिटं खोकते, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण इंजिन तापलं, चोक आत गेला, तरी सायलेन्सरमधून मध्येच एखादा ठोका गळतोय, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा थरथरतोय आणि चढाला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी आचके देतेय, असं झालं की मालक गॅरेज गाठतो. तिथे त्याला फार बोलावं लागत नाही. गाडी फाटकातून आत येईपर्यंत अर्धं निदान झालेलं असतं : ‘मिसिंग मारतेय. तीनवर चालतेय.’

उरलेलं अर्धं निदान हाच खरा धंदा. चारपैकी एक सिलिंडर गप्प आहे, हे कान असलेल्या कुणालाही कळतं. कोणता आणि का, हे शोधायला डोकं लागतं, आणि डोक्याहून जास्त शिस्त. जुन्या मेकॅनिकच्या कानाचं आपण जरा वाजवीपेक्षा जास्तच कौतुक करतो. त्याची खरी करामत म्हणजे तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि ती बदलल्यावर काय झालं ते बघतो.

प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात हे मॉडेल १९६४ पासून बनवलं. १९७४ मध्ये तिचं पद्मिनी असं बारसं झालं, आणि २००१ पर्यंत ती बनत राहिली. बहुतेकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ती ‘फियाट’च. मुंबईत ती टॅक्सी म्हणून राबली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. पुण्यात राज्य रिक्षाचं, त्यामुळे इथे फियाट ही घरची गाडी. रविवारी सारसबाग, मे महिन्यात महाबळेश्वर आणि एरवी पोर्चमध्ये कापडाखाली. म्हणूनच इथे बऱ्याच टिकल्या. आजारीही पडल्या त्या वापरून कमी, उभ्या राहून जास्त.

इंजिन साधं. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. ठिणगीचा क्रम १-३-४-२. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर त्या एका मिनिटात १६०० ठिणग्या पडाव्या लागतात, हायवेला ३००० फेऱ्यांवर ६०००. प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणी, नेमक्या सिलिंडरमध्ये पडली पाहिजे, तिथे हवा-पेट्रोलचं मिश्रण योग्य प्रमाणात हवं आणि पिस्टनने ते नीट दाबलेलं हवं. ठिणगी, मिश्रण, दाब. मिसिंगचं कुळ शोधायचं ते या तीन घरांतच.

पुणेकराला प्लग तसा नवा नाही. आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक दारोदार उभी असायची त्या काळात प्लगपाना आणि काचपेपरचा तुकडा जवळ नसेल तर माणूस अडाणी समजला जाई. स्कूटर सुरू झाली नाही की ती आडवी करायची, प्लग काढून घासायचा, पुसायचा, किक मारायची. एका सिलिंडरच्या गाडीला एवढं शास्त्र पुरतं, कारण तिचा एकुलता प्लग बसला की गाडी बसते. चार सिलिंडरची गाडी बंद पडत नाही, इथेच गोम आहे. तिघं मिळून चौथ्याला ओढत नेतात. मालक ‘चालतेय ना’ म्हणत महिने काढतो. तेवढ्यात गप्प सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगचं दुखणं असं बोअरपर्यंत पोचतं.

निदानाची सुरुवात गाडीच्या मागे उभं राहून होते. ठोका ठरावीक अंतराने गळत असेल, तर दोष एका सिलिंडरपुरता : त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह. कधीही, कसाही गळत असेल, तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी : कॉईल, पॉईंट, कंडेन्सर, कार्बोरेटर. या एका भेदाने अर्धं बॉनेट विचारातून बाद होतं.

मग इंजिन आयडलिंगला ठेवून, रबराच्या मुठीच्या पक्कडीने, एकेका प्लगची वायर उपसायची. पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात. उघड्या हाताने धरली तर झटक्याने कोपर बॉनेटवर आपटतं. पहिली वायर काढली, इंजिन आणखी लंगडलं, म्हणजे पहिला काम करत होता. लावा परत. तिसरी काढली, तेच. चौथी, तेच. दुसरी काढली आणि इंजिनाने दखलच घेतली नाही, म्हणजे सापडला. आता दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात. दोष तिसऱ्याकडे गेला तर प्लग बाद. जागेवरच राहिला तर वायरींची अदलाबदल. एकही नवा पार्ट न घेता निम्मे संशयित सुटतात. याच्या उलट गॅरेजंही शहरात कमी नाहीत. तिथे प्लग, वायरी, कॉईल, कॅप सगळं एकदम बदलतात. गाडी बहुधा सुधारते. काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही आणि बिल मात्र सगळ्याचं येतं.

काढलेला प्लग वाचायचा असतो. टोकाला फिका तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय, मामला रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही. चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडून ठेवतो तो मेकॅनिक चांगला. खिशात टाकतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

दोष प्लगपर्यंत नसेल तर डिस्ट्रिब्युटर उघडायचा. गॅरेजच्या भाषेत डेल्को. ठिणगीची ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. पद्मिनीत तीच, फारसा फरक न होता. कॅपच्या दोन क्लिपा सोडल्या की वर रोटर, आणि तो उपसला की खाली पॉईंट दिसतो : दोन छोट्या धातूच्या टिकल्या, फिरत्या शाफ्टच्या चौकोनी कॅमवर उघडझाप करणाऱ्या. त्या उघडल्या की कॉईलचा करंट तुटतो आणि तुटण्याच्या त्या क्षणी ठिणगी पडते. टिकल्यांवर टॉर्च मारून बघावं. एकीवर राखाडी खड्डा आणि समोरचीवर तेवढाच उंचवटा दिसला, तर काचपेपर मारून भागत नाही. एकीचा धातू दुसरीवर जाऊन बसतोय, म्हणजे कंडेन्सर आपलं काम करत नाहीये. फट फीलर गेजने ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. कॅमच्या चारही कोपऱ्यांवर ती सारखीच यायला हवी. दोन कोपऱ्यांवर एक आणि उरलेल्या दोनांवर दुसरी आली, तर शाफ्टचं बुश झिजलंय. मग पॉईंट कितीही नवा घाला, ठिणगी पुढेमागे होणारच. कंडेन्सरच्या बाबतीत जाणते लोक नव्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा आणतात आणि चालत असलेला जुना नाव घालून डब्यात ठेवतात.

पावसाळ्यात वेगळाच प्रकार होतो. जूनची भुरभुर सुरू झाली की कॅपच्या आत ओल धरते, आणि कॅपला केसाएवढी चीर असेल तर करंट प्लगकडे न जाता त्या चिरेतून पळतो. दिवसा दिसत नाही. अंधार पडल्यावर दिवे घालवून, बॉनेट उघडून, सुरू इंजिनाकडे बघितलं की फुटक्या वायरीवरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. रोगी स्वतःच दुखरी जागा दाखवतो.

काही मिसिंग गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही, कारण ते गॅरेजमध्ये होतच नाही. थंड असताना उत्तम, वीस मिनिटांनी आचके : कॉईल तापल्यावर आतून तुटतेय. सपाटीला ठीक, चढाला मिसिंग : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, अशक्त कॉईल किंवा फाकलेला प्लग तिथे हार मानतो. अशी गाडी दिवे घाटात न्यावी. सासवड येण्याआधी खरं-खोटं होतं.

ठिणगी निर्दोष ठरली की दाब. प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर दाबून धरून स्टार्टर मारायचा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एक खूपच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं : वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी असतील तर दोघांमधलं हेडचं पॅकिंग उडालंय. जळलेल्या व्हॉल्व्हमागे बरेचदा मालकाची हौस असते. टॅपेटचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून फट कमी करून घेतो. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून शिसंविरहित पेट्रोल आलं, आणि जुन्या इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह सीटना शिशाचं जे संरक्षण होतं ते गेलं. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट आपोआपच कमी होते. इंजिन शांत होतं, मालक खूश होतो आणि व्हॉल्व्ह पुरता न मिटल्याने जळत राहतो. किंचित टकटकणारा टॅपेट बरा, हे जुन्या लोकांचं मत मला पटतं.

पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय आहे. देशातल्या गाड्यांच्या धुराचा हिशेब तिथे होतो. धुराच्या बीएस-४ नियमांच्या काळापासून आपल्या गाड्यांत जी ओबीडी यंत्रणा आली, ती क्रँकच्या वेगातला बारीकसा अडखळ मोजून मिसिंग पकडते, डॅशबोर्डवर दिवा लावते आणि स्कॅनरवर ‘पी ०३०२’ असा कोड देते : दुसरं सिलिंडर. वायर उपसायची गरज नाही. किंबहुना अशा गाडीत ती उपसूच नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो बाद होतो. पण स्कॅनर ‘कोणता’ एवढंच सांगतो. ‘का’ शोधायला तीच जुनी अदलाबदल करावी लागते.

राहिलं पेट्रोल, आणि सध्या पद्मिनीवाल्यांची सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच. २०२५ पर्यंत पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत गेलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिश्रणाला म्हणून साडेतेराच्या आसपास पुरते. नवी गाडी सेन्सरवरून हे ओळखून पेट्रोल वाढवते. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटला मात्र ठरलेलं छिद्र. त्याला आत काय येतंय याची गंधवार्ता नाही. मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरे पडतात आणि ॲक्सिलरेटर सोडताना-धरताना गाडी मिसिंग मारते. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पोर्चमध्ये महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते पाण्यासकट तळाला बसतं. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलच्या एसी पंपाचा पडदा फुगतो, टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून जेटमध्ये अडकतो. यात एक गंमत आहे. पद्मिनीच्या कंपनीचे संस्थापक वालचंद हे साखरेतलेही मोठे नाव. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांनीच साखर कारखान्याभोवती वसवलं. उसापासून निघालेलं इथेनॉल आज त्यांच्याच गाडीचा घसा धरतंय.

उपाय आहेत, आणि महाग नाहीत. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यायचा. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून किंवा पार रिकामी करून ठेवायची. मुख्य जेट एक-दोन घरं मोठा घालायचा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, त्यामुळे अंदाजपंचे काम नको. प्लगचा रंग पुन्हा फिका तपकिरी झाला की थांबायचं. काही जण याच फेरीत पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. ठिणगी जोरकस पडते, फट तपासायची कटकट जाते, आणि रोज गाडी चालवणाऱ्याने ते जरूर बसवावं. पॉईंटची जुनी प्लेट आणि डब्यातला तो नाव घातलेला कंडेन्सर मात्र डिकीत असू द्यावा, कारण किट खंबाटकी घाटात गेलं तर ते दुरुस्त होत नाही, आणि पॉईंट एका स्क्रू ड्रायव्हरने अर्ध्या तासात बसतो.