पहाटेच्या आरतीला चालत जाता येईल अशी खोली

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की आधी अक्कलकोट रोड स्टेशन येतं, पुढे दुधनी, आणि सीमा ओलांडून कर्नाटकात शिरलं की गाणगापूर रोड. दुधनी म्हणजे तुरीची मोठी आवक असलेली बाजारपेठ. घराघरांत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात. दोन दत्तक्षेत्रांच्या मधोमध असल्यामुळे इथल्या लोकांना पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा एक फोन ठरलेला असतो: ‘अक्कलकोटला उतरायचं कुठं? गाणगापूरला खोली मिळेल ना?’

आता या फोनला एक नवी जोड मिळाली आहे. पुण्यात जपानी भाषा शिकलेली, नोकरीनिमित्त ओसाका किंवा टोकियोला गेलेली मुलं आईवडिलांना तिकडे बोलावतात. एखाद्या शांत डोंगरगावात चार दिवस नेऊ म्हणतात. गाव ठरतं, तिकिटं निघतात आणि गाडी अडते ती खोलीपाशी. हॉटेल घ्यावं, घर भाड्यानं घ्यावं, की मठात राहावं? हा प्रश्न दुधनीकरांना वाटतो तितका परका नाही.

खोली निवडणं म्हणजे आपला दिवस किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता संपणार, ते ठरवणं. मोठ्या शहरात हॉटेल कुठंही घेतलं तरी निभावतं. लहान, शांत गावाला मात्र स्वतःचं घड्याळ असतं आणि मुक्काम त्या घड्याळाशी जुळला नाही तर गाव नुसतं बघून परतावं लागतं.

अक्कलकोटचंच पाहा. स्वामी समर्थ 1856 साली इथे आले आणि 1878 मध्ये समाधिस्थ होईपर्यंत इथेच राहिले. त्यांचा सहवास लाभला तो चोळप्पाच्या घराला. समाधी मठ आहे तोही तिथेच. म्हणजे या गावाची कीर्तीच मुळी एका सामान्य गृहस्थानं पाहुण्याला दिलेल्या आसऱ्यातून उभी राहिली. आज वटवृक्ष मंदिराच्या देवस्थानचा भक्तनिवास आहे, 1988 साली सुरू झालेल्या अन्नछत्र मंडळाचं यात्री निवास आहे आणि भोवती खासगी लॉज आहेत. अन्नछत्रात दुपारी आणि रात्री महाप्रसाद मिळतो. त्यामुळे खोलीसोबत जेवणाची सोय शोधावी लागत नाही. पहाटे काकड आरतीला जायचं असेल, तर चालत पाच-दहा मिनिटांवरची साधी खोली बाहेरच्या रस्त्यावरच्या हिरवळवाल्या हॉटेलपेक्षा शंभर पटींनी बरी. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आणखीच खरं.

खोली दाखवायला माणूस किल्ली घेऊन पुढे निघाला की बघायच्या गोष्टी वेगळ्याच असतात. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीखालची खोली दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अंगावर सोडते. उन्हाळ्यात मधला मजला मागावा. गरम पाणी सौरबंबाचं असेल तर ते पहाटे किती वाजेपर्यंत पुरतं, ते विचारावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोड आहे का आणि लिफ्ट चालू आहे का, हेही आधीच विचारलेलं बरं. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. फोनवर खात्री न करता रात्री दहाला दारात उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

गाणगापुरात आणखी एक जुनी, फार सुंदर पद्धत आहे: पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची. पिढ्यान्‌पिढ्या एकेक पुजारी घराणं आपापल्या यजमानांची राहण्याची, जेवणाची आणि पूजेची व्यवस्था बघत आलं आहे. आज सुट्टीसाठी घर भाड्यानं घेण्याची जी पद्धत नवी म्हणून सांगितली जाते, तिचा हा आपल्याकडचा कितीतरी जुना अवतार. लॉजमध्ये किल्ली मिळते, पुजाऱ्यांच्या घरी गावाचा दिनक्रम मिळतो. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचं दर्शन कधी घ्यावं, तीनेक किलोमीटरवरच्या भीमा-अमरजा संगमावर ऊन चढण्याआधी कसं जाऊन यावं, दुपारी माधुकरी मागायला कुणाच्या दारी जावं, हे सगळं तिथं सहज कळतं. स्वतः दत्तात्रेय दुपारी या गावात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भर दुपारी, बारा वाजता, माणूस गावातच असायला हवा. मुक्काम वीसेक किलोमीटर लांब, रेल्वे स्टेशनाजवळ करणाऱ्यांची नेमकी हीच वेळ प्रवासात जाते.

इथून थेट जपानच्या कोयासानला जाऊ. वाकायामा प्रांतातलं, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवरचं, देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांनी वेढलेलं हे गाव. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून गाडीनं गोकुराकुबाशीपर्यंत जायचं आणि तिथून तारेनं ओढल्या जाणाऱ्या केबल कारनं चढण चढायची. कुकाई ऊर्फ कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांनी 816 साली इथे साधनास्थळ उभारायला सुरुवात केली. 2004 पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वस्ती तीन हजारांच्या आत, पण मंदिरं मात्र 117. त्यांपैकी पन्नासच्या आसपास मंदिरांत प्रवाशांना राहता येतं. या मुक्कामाला शुकुबो म्हणतात.

कुकाई गेले नाहीत, कोयासानमधल्याच ओकुनोइन या ठिकाणी ते अखंड समाधीत आहेत, अशी तिथल्या भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून आजही रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. गाणगापूरची दुपार ज्यानं अनुभवली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शुकुबोत खोली घेताना मराठी माणसाची पहिली गफलत होते ती पैशांत. आपल्याकडे भाडं खोलीचं असतं. जपानी सराईत, म्हणजे र्‍योकानमध्ये किंवा शुकुबोत, ते बहुधा माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. चौघांच्या कुटुंबानं दिसलेला आकडा चारनं गुणावा. दुसरी गोष्ट वेळेची. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला वाढतात, त्यामुळे पाचच्या आत पोचावं लागतं. उशिरा पोचलेल्याला जेवण मिळेलच असं नाही आणि गावातली दुकानंही लवकर बंद होतात. पहाटे सहा-साडेसहाची प्रार्थना, मग न्याहारी. झोपायला ताटामी चटईवर अंथरलेली गादी, सरकत्या कागदी दारांमुळे शेजारच्या खोलीतला खोकलाही ऐकू येतो. न्हाणीघर बऱ्याच ठिकाणी सामाईक असतं. हिवाळ्यात तापमान शून्याखाली जातं, तेव्हा खोली कशानं उबदार ठेवतात, हे विचारायलाच हवं.

शाकाहारी कुटुंबांसाठी मात्र शुकुबोसारखी जागा नाही. एरवीच्या जपानी स्वयंपाकात भाजीच्या रश्शातही वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, त्यामुळे ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मठातल्या शोजिन र्‍योरी जेवणात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो. रस्सा समुद्री शेवाळ आणि अळंबीचा करतात. गोठवून वाळवलेला टोफू तर या गावाच्या नावानंच, कोया-दोफू म्हणून, ओळखला जातो.

भाड्यानं घर घेणाऱ्यांसाठी जपानचा कायदा स्पष्ट आहे. जून 2018 पासून खासगी घर पाहुण्यांना द्यायचं तर नोंदणी करावी लागते आणि वर्षातून 180 दिवसांपेक्षा जास्त ते देता येत नाही. नोंदणी क्रमांक दिलेला नसेल, तर ते घर सोडून द्यावं. स्वतः रांधून खायचं असेल, लहान मूल असेल, आठवडाभर राहायचं असेल, तर घर उत्तम. एक-दोन रात्रींसाठी मठच बरा.

आपल्याकडे सावधगिरी वेगळ्या गोष्टीची हवी. धर्मस्थळांच्या नावानं खोटी संकेतस्थळं काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं 2025 मध्ये यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला. भक्तनिवासाचा क्रमांक देवस्थानाकडूनच घ्यावा आणि कुणा व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती आणि गुरुपौर्णिमा या दिवशी अक्कलकोट-गाणगापुरात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना उत्सव हवा त्यांनी तेव्हाच जावं, पण खोली कितीतरी आधी ठरवून. ज्यांना शांतता हवी आहे, त्यांनी थंडीतला एखादा मंगळवार निवडावा, दुधनीच्या आसपासची तुरीची शेतं बघत गाडीनं यावं आणि दर्शन घेऊन त्याच संध्याकाळी परतण्याची घाई न करता एक रात्र तरी गावातच मुक्काम करावा.