ठिपक्यांचा घोडा आणि डोंगराची वाट

पनवेलजवळच्या कोन गावाकडून माथेरानचा डोंगर दिसतो. वर मोटारींना मज्जाव. तेव्हा तिथल्या लाल मातीच्या वाटांवर घोड्यांचा धंदा चालतो. घोडा घ्यायचा म्हणजे तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा प्रसिद्धच. पण बाजारात पहिली नजर जाते ती रंगावर, आणि फसगत होते ती तिथेच.

अमेरिकेतल्या नेझ पर्स लोकांनी जोपासलेला ॲपालुसा घोडा पाहा. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके, खुरांवर उभे पट्टे! मात्र या रंगाचे बीज आई आणि बाप दोघांकडून आले, तर घोडा जन्मापासूनच रातांधळा निपजतो. अशाच्या अंगावर ठिपके बहुधा थोडेच असतात. दिवसा काही कळत नाही. दिवस मावळला की दरीकाठी स्वाराच्या जिवाशी गाठ!

म्हणून रंग मागाहून पाहा. आधी खूर उचलून तडा आहे का बघा. दात बघा, साधारण पाचव्या वर्षी पुढचे सगळे दुधाचे दात जाऊन पक्के आलेले असतात. चढ-उतारावर चालवा, लंगडतो का ते कळेल. मग तिन्हीसांजेला वाटेत बांबू आडवा टाकून घोडा सावकाश न्या. ठेचाळला, बिचकला, तर पशुवैद्याला दाखविल्यावाचून पैसे मोजू नका.

‘रंगाला भुललो हो!’ असे पुढे म्हणण्यापेक्षा एक सांज थांबलेले काय वाईट?