वेग वाढवावा की हात वाढवावेत?

आधी दोन गुणाकार करू. १६६४ गुणिले १५०० म्हणजे २४,९६,०००. आणि २०४८ गुणिले १२१६ म्हणजे २४,९०,३६८. दोन उत्तरांत पाव टक्क्याचाही फरक नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये एनव्हिडियाने दोन ग्राफिक्स कार्डं एकदमच बाजारात आणली. जीटीएक्स ९७० मध्ये १६६४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चिपचे हात, किंमत ३२९ डॉलर. जीटीएक्स ९८० मध्ये २०४८ कोअर, किंमत ५४९ डॉलर. ९८० चा कंपनीने ठरवलेला वेग १२१६ मेगाहर्ट्झ होता. ९७० चा ११७८. पण हौशी मंडळी आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधला स्लायडर सरकवत सरकवत तो १५०० च्या आसपास नेत. कोअरची संख्या गुणिले वेग म्हणजे कार्डाची कामाची ताकद, निदान कागदावर तरी. स्वस्त कार्ड महागाच्या शेजारी जाऊन उभं राहत होतं! बहरीनचा दिनार डॉलरमागे ०.३७६ या दराने बांधलेला आहे. त्या हिशेबाने ८३ दिनार वाचत होते. ९८० घेणाऱ्यालाही तोच स्लायडर उपलब्ध होता हे खरं, पण ज्याच्या खिशात तेवढे पैसेच नाहीत त्याला त्याचं काय?

आज बहरीनमध्ये, मनामात किंवा रिफात, एखाद्या मराठी घरातला कॉलेजवयीन मुलगा कॉम्प्युटर जुळवायला बसला, तर त्याच्यापुढे हाच प्रश्न येतो. उत्तर मात्र बदललं आहे. का बदललं, हे समजून घ्यायला चिपच्या आत डोकवावं लागतं.

आरटीएक्स ४०६० हे २०२३ चं कार्ड घ्या. त्याची चिप १५९ चौरस मिलिमीटरची, म्हणजे साधारण नखाएवढी, आणि तिच्यावर सुमारे १,८९० कोटी ट्रान्झिस्टर. कार्डाचा जाहीर वेग २४६० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ अडीच अब्ज ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम १२ सेंटिमीटर जातो. तेवढ्या वेळात विजेच्या संकेताला एकामागोमाग एक ट्रान्झिस्टर ओलांडून पुढचा ठोका पडण्याआधी मुक्कामी पोचायचं असतं. ठोके आणखी जवळ आणले की सर्वांत लांबच्या वाटेवरचा संकेत उशिरा पोचतो आणि उत्तर चुकतं. मग पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात किंवा गेम बंद पडतो.

यावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. व्होल्टेज वाढलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात. पण त्याची किंमत फार मोठी आहे, कारण चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवलं, तर १.१ चा घन, म्हणजे १.३३. दहा टक्के जास्त कामासाठी तेहेतीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते.

पापड लाटायला एकच बाई असेल आणि तिने दुप्पट वेगाने हात चालवायचं ठरवलं तर ती लवकरच दमेल. शेजारच्या चौघी येऊन बसल्या तर तेच काम गप्पा मारत होतं. सिलिकॉनलाही हेच लागू आहे. एनव्हिडियाचं एल४ हे डेटा सेंटरसाठीचं कार्ड पाहा. त्यात ७४२४ कोअर आहेत, आणि ते सगळे मिळून फक्त ७२ वॉट घेतात! त्याच जातीच्या चिपवरचं, गेम खेळणाऱ्यांसाठीचं आरटीएक्स ४०७० मात्र ५८८८ कोअरसाठी २०० वॉट घेतं. मला या विषयातलं सर्वांत थक्क करणारं सत्य हेच वाटतं. चिप मोठी ठेवून तिला शांतपणे चालवलं, तर तीच वीज कितीतरी जास्त काम करते. महागडं कार्ड घेताना आपण वेग विकत घेत नसतो, हात विकत घेत असतो.

आता ४०६० ला त्याचा थोरला भाऊ ४०६० टीआयच्या बरोबरीला न्यायचं म्हणा. टीआयमध्ये ४३५२ कोअर, ४०६० मध्ये ३०७२. कागदावरची बरोबरी साधायला ४०६० ला जवळजवळ ३६०० मेगाहर्ट्झने पळावं लागेल, आणि कार्डाच्या नेहमीच्या पंख्यावर ही चिप तिथवर जात नाही. मेमरीचा वेग दोघांचा जवळपास सारखाच असल्याने प्रत्यक्ष गेममध्ये टीआय पाचवा ते चौथा हिस्साच पुढे असतं, पण वेग चढवून, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगने, हाती लागतात ते पाच ते दहा टक्के. २०२५ च्या पिढीत ही दरी थोडी कमी झाली, ३८४० विरुद्ध ४६०८ कोअर, तरी ती पूर्ण बुजत नाही. शिवाय मेमरी किती जीबी आहे हे कुठल्याच स्लायडरने बदलत नाही. ८ जीबी अपुरे पडले की वेग कितीही चढवा, गेम अडखळणारच.

२०१४ मध्ये कंपन्या बराच वाव शिल्लक ठेवत. आता तो वाव त्या स्वतःच वापरतात. याची सुरुवात त्याआधीच झाली होती: २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं आपला वेग आपणच ठरवू लागली. आजचं कार्ड विजेचा आणि तापमानाचा अंदाज घेत क्षणाक्षणाला वेग वरखाली करतं. त्यामुळे एकच कार्ड बहरीनच्या जानेवारीत किंचित जलद आणि एसी बंद असलेल्या ऑगस्टमध्ये किंचित मंद चालतं.

बहरीनमध्ये हा मुद्दा किरकोळ नाही. मुहर्रकमधल्या शेख ईसा बिन अली यांच्या जुन्या घरावर वारा पकडणारा मनोरा आहे. तो वरचा वारा खाली खोलीत उतरवतो; थंडी निर्माण करत नाही. कार्डाच्या पंख्याचंही तसंच. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो चिपला करू शकत नाही, आणि खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण दहा अंशांनी तापते. नागपूरकरांचा वाळ्याचा कूलर इथे कामाचा नाही, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. समुद्रावरच्या किंग फहद पुलापलीकडे धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर नोंदला गेला होता. अशा हवेत एसीच लागतो. म्हणजे कार्डाने ५० वॉट जास्त खाल्ले, तर ते बाहेर फेकायला एसी आणखी पंधरा-वीस वॉट खाणार.

म्हणून आखातात मला उलटा मार्ग जास्त आवडतो: अंडरव्होल्टिंग. तोच आफ्टरबर्नर उघडायचा, पण वेग तसाच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं खाली आणायचं. १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आलात, तर ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत जाणारी वीज अठरा टक्क्यांनी घटते, आणि गेममधला वेग बहुतेक तोच राहतो. प्रत्येक चिपला हे जमेलच असं नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपांचीही कुवत वेगळी असते, त्यामुळे दर पायरीला तासभर गेम चालवून पाहावा.

जाहीर किमतींवर दहा टक्के व्हॅट धरला, तर ४०६० आणि टीआय यांच्यात ४१ दिनारांचं अंतर होतं. एवढं अंतर असेल तर महिनाभर थांबा आणि वरचं कार्ड घ्या. वरच्यात मेमरीही जास्त असेल तर दुसरा विचारच करू नका. पैसे खरोखरच नसतील तर खालचं घ्या, त्याचं व्होल्टेज उतरवा, आणि शमाल वाऱ्यांनी आणलेली धूळ कॅबिनेटच्या जाळीवरून नियमित पुसत जा.